हाताने कालवलेलं औषध

अरे, मी कॉलेज सोडलं म्हणजे मी रिकामटेकडा, आणि रिकामटेकड्याचं दुखणंही खोटं, हा आमच्या घरचा कायदा. महिनाभर पोटऱ्या आपोआप फडफडत होत्या, बोटं बधिर होत होती. मोबाईलवर वाचलं तर हळूहळू अंग लुळं पडणारा रोग! माझी पाचावर धारण बसली आणि आबा, म्हणजे माझा बाप, म्हणतो, "मोबाईल फेकी दे, बरा व्हई जाशी."

शेवटी भांडून त्यांना घेऊनच तळोद्याला डॉक्टरकडे गेलो. तपासून डॉक्टरांनी विचारलं, "कपाशीवर फवारणी करतोस? औषध कशाने कालवतोस?"

"हाताने. काठी घेतली की आबा म्हणतात, बाईमानूस शे का तू?"

"मग तो रोग वाटत नाही, औषध अंगात भिनलेलं दिसतंय. रक्त तपासू. फवारणी आजपासून बंद."

आबा उसळले, "आम्हीन जलमभर हातेच कालवं, आम्हले काय व्हयनं?"

"हात पुढे करा बघू."

आबांनी केले. दोन्ही हात थरथरत होते.

"हे कधीपासून?"

"वय व्हयनं ना आते, डॉक्टरसाहेब."

आबा सत्तेचाळीस वर्षांचे आहेत.