तीन वाजता: कोणी नाही

मिस्त्री: मावशी, हे सोल्डरिंग माझ्या हातचं आहे.

मावशी: असेल. त्यात काय?

मिस्त्री: त्यात हे, की मी मोटारींचं वाइंडिंग करतो, पंख्यांच्या आणि पंपांच्या. रेडिओ फक्त हौसेखातर आणि फक्त घरचे. हा सेट अकरा वर्षांपूर्वी माझ्या घरातून गेला. माळा उपसला होता मी त्यासाठी. तुमच्याकडे कसा आला?

मावशी: आधी बिघाड काय आहे ते सांगा. त्यासाठी बोलावलंय तुम्हाला.

मिस्त्री: बिघाड काही नाही. ठणठणीत आहे.

मावशी: मग दुपारी तीनला बोलत का नाही?

मिस्त्री: तीनला कोणी बोललं तर बोलेल. हा गाण्यांचा रेडिओ नाही. आमच्या हौशी रेडिओ क्लबचे लोक आपापल्या सेटवरून एकमेकांशी बोलतात, ते यात ऐकू येतं. ते गप्प, तर हाही गप्प.

मावशी: ते मला नका शिकवू. तुमच्या हातातला सेट कुजबुजतो, आणि पाण्याच्या टाकीवर बसवलेलं तुमचं ते यंत्र तेच गावभर ओरडून सांगतं. बरोबर ना?

मिस्त्री: रिपीटर. बरोबर. मी स्वतः सांगतो तेव्हा कोणाला कळत नाही. तुम्हाला कोणी सांगितलं?

मावशी: जिनं सांगितलं तिचा आवाज बंद होऊन चार महिने झाले.

मिस्त्री: आमची ही?

मावशी: बसा. तिथं नको, ते शर्ट आहेत. दोनशे काजं केलीत त्यांना, चुरगळतील. इकडे स्टुलावर बसा.

मिस्त्री: तुम्ही तिला ओळखत होता?

मावशी: तुमच्याच शर्टाचं काज फाटलं होतं, ते घेऊन आली होती. मी माझं रडगाणं लावलं. खुबा मोडल्यापासून जिना बंद, सकाळ कामात जाते, संध्याकाळी सून येते, पण ही मधली दुपार काही हलत नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी पिशवीतून हा रेडिओ घेऊन हजर. म्हणाली, मावशी, यात नुसतं ऐकायचं, बोलता येत नाही. बरोबर तीनला लावा.

मिस्त्री: आणि तीनला काय?

मावशी: तीनला ती बोलायची.

मिस्त्री: कोणाशी?

मावशी: भिंतीशी! माझ्याशी हो.

मिस्त्री: रोज?

मावशी: रविवार सोडून. रविवारी तुम्ही घरी असायचा.

मिस्त्री: आणि किती वेळ?

मावशी: अर्धा तास. कधी जरा जास्त. का? असे का बघताय?

मिस्त्री: मावशी, रिपीटरच्या पेटीत एक मीटर आहे. यंत्र एकूण किती तास बोललं ते त्यात दिसतं. तो मीटर महिन्याला बारा-तेरा तास जास्त पळायचा. मी टाकीच्या एकशे चाळीस पायऱ्या चढून तो बघायचो आणि विचार करायचो, कोण हा? परवानगी न घेता, नाव न सांगता, रोज माझं यंत्र वापरतोय. क्लबच्या बैठकीत टेबलावर हात आपटला मी. म्हटलं, हा जो कोणी दुपारचा बडबड्या आहे, त्याला मी पकडणार म्हणजे पकडणार.

मावशी: ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी तिनं सुरुवातच तशी केली. "मावशी, मी दुपारचा बडबड्या बोलतोय." माझी सुई बोटात गेली हसून.

मिस्त्री: क्लबात कोणाच्याच कानावर आलं नाही हे?

मावशी: आलं की! तुमचे ते घड्याळवाले एकदा मध्येच शिरले. "वहिनी, कालची मांजराची गोष्ट अर्धी राहिली."

मिस्त्री: घड्याळवाला? तो त्या बैठकीत माझ्या शेजारी बसला होता. माझ्याबरोबर मान हलवत होता!

मावशी: तुम्हाला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

मिस्त्री: वा. म्हणजे अकरा वर्षं सगळ्यांनी मिळून मला वेड्यात काढलं. तीही त्यात. हा सेट मी घेऊन जातो, मावशी. माझा आहे.

मावशी: न्या. तुमचाच आहे. वायर गुंडाळून न्या, पायात येते. पण मला एक सांगा, तुम्ही स्वतः एकदा तीनला कान लावला असता तर? तुमच्याकडे तर चांगला सेट आहे.

मिस्त्री: दुकान तळघरात आहे. तिथं टाकीचं काही पोचत नाही. शिवाय हात मोटारींच्या वार्निशनं भरलेले. मी सेट चालू करायचो साडेपाचला, रस्त्यावर आल्यावर.

मावशी: मग घरी कोणाला तरी ऐकायला सांगायचं.

मिस्त्री: सांगितलं होतं.

मावशी: कोणाला?

मिस्त्री: तिलाच.

मावशी: अगं बाई!

मिस्त्री: म्हटलं, दुपारी तू घरी असतेस, सेट लावून ठेव, कोण आहे, कधी येतो, लिहून ठेव. वहीसुद्धा आणून दिली.

मावशी: मग लिहिलं का तिनं?

मिस्त्री: एक दिवस चुकवला नाही. तारीख, आणि पुढे, "तीन वाजता: कोणी नाही." खाली दुसरी तारीख. "तीन वाजता: कोणी नाही." मी संध्याकाळी वही तपासायचो आणि शाबासकी द्यायचो तिला.

मावशी: आणि ती?

मिस्त्री: म्हणायची, सापडला की मलाही दाखवा हं. बघायचाय मला.

मावशी: हीच ती. अशीच होती.

मिस्त्री: ती वही अजून आहे. तिच्या अक्षरातलं घरात तेवढंच सापडलं. आम्ही कधी लांब राहिलो नाही, त्यामुळे पत्रंबित्रं नाहीत. चार महिने मी तीच काढून वाचतो. पानंच्या पानं. कोणी नाही, कोणी नाही, कोणी नाही.

मावशी: हसताय का रडताय?

मिस्त्री: माहीत नाही.

मावशी: माठातलं पाणी घ्या. माझं उठणं कठीण आहे. तो पेला नको, त्यात बटणं आहेत.

मिस्त्री: ते टायमरचं तुम्हाला माहीत असेल मग.

मावशी: कोणता टायमर?

मिस्त्री: चोर सापडेना म्हणून मी यंत्रात एक टायमर बसवला. कोणी सलग तीन मिनिटं बोललं की यंत्र त्याला तोडतं. चांगल्या लोकांना त्रास नाही, चांगले लोक एवढं बोलत नाहीत.

मावशी: तो मेला तुमचा होय! बोलता बोलता वाक्याच्या मध्येच गप्प झाली. मला वाटलं तिला चक्करबिक्कर आली. सुनेला पाठवलं मी तुमच्या घरी पळत. ही बाई दारात उभी, धडधाकट, हसतेय.

मिस्त्री: मीच तोडलं तिला.

मावशी: मग पुढे स्वयंपाकघरातलं घड्याळ समोर घेऊन बसायची. तीन मिनिटं व्हायच्या आत बटण सोडायची, दम घ्यायची, पुन्हा सुरू. म्हणाली, आमच्या ह्यांनी बसवलाय, मावशी, म्हणजे एक सेकंद इकडचा तिकडे होणार नाही.

मिस्त्री: असं म्हणाली?

मावशी: तुमचं कौतुकच जास्त असायचं. म्हणजे तुमची टिंगलही असायची. चादर घडी घालताना तुम्ही समोरच्याला हुकूम सोडता म्हणे. "डावा कोपरा वर! तुझा डावा!"

मिस्त्री: ती उजवा उचलायची.

मावशी: मुद्दाम.

मिस्त्री: मुद्दाम? मावशी, तो पहिला दिवस. टायमरचा. वाक्य अर्धं राहिलं म्हणालात. काय सांगत होती?

मावशी: आता ते काय आठवणार हो.

मिस्त्री: आठवून बघा ना.

मावशी: खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकेचं काहीतरी होतं. नाही बाबा. खोटं कशाला सांगू? नाही आठवत.

मिस्त्री: असू दे.

मावशी: आता मी एक विचारते. साडेपाचला रोज कोणीतरी बटण दाबतं आणि बोलत नाही. नुसती खरखर येते, मग टुक् करून बंद. ते तुम्हीच ना?

मिस्त्री: यंत्राची तपासणी असते ती.

मावशी: चार महिने तपासणी? रोज? त्याच वेळेला?

मिस्त्री: ती त्या वेळेला मला विचारायची, निघालात का. मी म्हणायचो, निघालो, काय आणू.

मावशी: ते ऐकायची मी. तुम्ही वाण्याकडे पोचेपर्यंत ती तीनदा बदलायची. आधी दूध, मग साबण, मग काही नको, तुम्हीच या.

मिस्त्री: आता बटण दाबतो आणि तोंडाशी येतं, निघालो. पण मग पुढे थांबावं लागतं ना, उत्तरासाठी. ते थांबणं जमत नाही. म्हणून आधीच सोडून देतो.

मावशी: मिस्त्री, मी तुम्हाला बिघाडासाठी बोलावलं नाही.

मिस्त्री: ते मघाशीच कळलं.

मावशी: तीनला तुम्ही बोला.

मिस्त्री: मी?

मावशी: तुमच्याशिवाय कोण? चार महिने मी तीनला हा लावून बसते. सून म्हणते, आई, आता बंद करा. मी म्हणते, असू दे, खरखर तरी येऊ दे. माझा हात चालत नाही हो. दिवसाला चाळीस काजं व्हायची, आता वीस होत नाहीत. मालकाचा माणूस विचारून गेला, नजर कमी झाली का म्हणून. नजर कसली, आवाज कमी झालाय.

मिस्त्री: मला बोलता येत नाही, मावशी. तिच्यासारखं तर नाहीच.

मावशी: तिच्यासारखं कोण मागतंय? जे दिसेल ते सांगा. मोटारी सांगा.

मिस्त्री: आणि नियमात बसत नाही ते. रिपीटरवर एकानं बोलायचं आणि दुसऱ्यानं नुसतं ऐकायचं, याला परवानगी नाही. समोरून उत्तर यावं लागतं. भिंतीवर तो नियम मीच लिहून लावलाय.

मावशी: मी द्यायची उत्तर.

मिस्त्री: कसं? यात बोलायची सोयच नाही.

मावशी: तोंडानं. इथं बसून. ती विचारायची, मावशी, जेवलात का, आणि थांबायची. मी म्हणायची, जेवले बाई, तू जेवलीस का. मग ती पुढे बोलायची. तिला ऐकू जायचं नाही, तेवढंच.

मिस्त्री: पण थांबायची?

मावशी: दर वेळेला. माझं लांबलं तर मात्र मध्येच सुरू व्हायची, मग मी चिडायची.

मिस्त्री: अकरा वर्षं.

मावशी: अकरा वर्षं भांडलो सुद्धा आम्ही अशाच. मग काय ठरलं तुमचं? बोलणार का नाही?

मिस्त्री: नाही. असं नाही बोलणार.

मावशी: ठीक आहे. न्या तुमचा रेडिओ.

मिस्त्री: पुरतं ऐका हो. तुम्ही परीक्षा द्या.

मावशी: कसली?

मिस्त्री: रेडिओवर बोलायच्या लायसनची. थोडी वीज, थोडे नियम. पास झालात की तिचा हातातला सेट तुम्हाला देतो. मग मी तीनला बोलेन आणि तुम्ही उत्तर द्याल, आणि ते मला ऐकू येईल.

मावशी: मी? चौथीत शाळा सोडलेली बाई? वीज म्हणजे मला बटण दाबलं की दिवा, एवढीच माहीत आहे.

मिस्त्री: तिलाही तेवढीच होती. मी शिकवलं.

मावशी: ती दोनदा नापास झाली होती. तुमच्या शिकवण्यामुळे. सांगितलंय तिनं मला.

मिस्त्री: एकदा. दुसऱ्यांदा तिला ताप होता.

मावशी: ताप तुम्हाला सांगितलेला. पेपर बघून घाम फुटला होता तिला.

मिस्त्री: आणखी काय काय सांगितलंय तिनं?

मावशी: पुष्कळ.

मिस्त्री: मग असं करू. मी रोज तीनला इथं येतो. दुकान तासभर बंद ठेवतो. अर्धा तास मी शिकवणार. त्यानंतर तुम्ही तिचा एक दिवस मला सांगायचा. ती काय बोलली, तुम्ही काय म्हणालात, सगळं. रोज एकच दिवस. जास्त नको.

मावशी: सगळे कुठे आठवणार, मिस्त्री? मघाशी बघितलंत ना.

मिस्त्री: आठवतील तेवढे द्या. न आठवला त्या दिवशी नुसती वीज शिकू.

मावशी: आणि परीक्षेत नापास झाले तर?

मिस्त्री: तर पुन्हा बसायचं. मला घाई नाही.

मावशी: लबाड आहात. बरं, शेवटचा दिवस सांगू का आत्ता? तो तर मला जसाच्या तसा...

मिस्त्री: नको. शेवटचा मला माहीत आहे. पहिल्यापासून सांगा.

मावशी: पहिल्या दिवशी फारसं काही नव्हतं हो. म्हणाली, "मावशी, ऐकू येतंय का?" आणि मग तिचं तिलाच हसू आलं, मी सांगणार कशी! पुढे म्हणाली, काय बोलावं सुचत नाही, उद्या बोलते. आणि बटण सोडायला विसरली.

मिस्त्री: विसरायची. सुरुवातीला फार विसरायची.

मावशी: मग मी आपली बसले तुमचं स्वयंपाकघर ऐकत. भांडं ठेवलं, खुर्ची सरकवली, ती आत गेली, परत आली. काहीतरी गुणगुणत होती. आणि नळ ठिबकत होता.

मिस्त्री: हो. तेव्हा ठिबकायचा.