आ करा आणि संयम ठेवा

...संयम म्हणे! तुम्हाला सांगतो, तीन दिवस माझी वरची दाढ ठणकतेय, गाल फुगून टम्म झालाय, आणि आमचे मेव्हणे, म्हणजे बायकोचे थोरले बंधू, दातांचे डॉक्टर बरं का, फोनवर काय म्हणाले? 'भाऊजी, वेदना मनात असते. संयम!' मनात? अहो, मन काय हिरडीत असतं?

गेलो बापडा. निघताना बायकोनं दारातच बजावलं, 'बाहेर पेशंट बसलेले असतात. ओरडून दादाची अब्रू घालवू नका.' म्हणजे दाढ माझी, अब्रू त्याची!

खुर्चीत आडवा झालो, डोळ्यांवर तो भगभगीत दिवा... 'आ करा.' केला आ. तेवढ्यात याचा फोन वाजला. उचलावा का? दुसऱ्याच्या तोंडात हात असताना? पण आमच्या संयममूर्तीला दुसरी रिंग सोसवेल तर शपथ! खांद्यानं दाबला कानाशी आणि गप्पा सुरू. कुणाच्या तरी सुनेनं वेगळं बिऱ्हाड केलं होतं म्हणे... 'काय सांगतोस! सासूच्या तोंडावर?' आणि त्या भरात सुई टोचली कुठं? खाली! खालच्या दाढेला! मी म्हटलं, 'अँ... अँऽऽ!' बोट वर करकरून दाखवलं. तर हा म्हणतो, 'हो हो, देव आहे वर. हात खाली. संयम!'

संयम म्हणे! उठून गचांडीच धरणार होतो. पण बाहेरचे ते पेशंट, ती अब्रू... गिळला राग, थुंकीसकट. अहो, संयम म्हणजे स्वतःचा लगाम स्वतःच्या हातात. माझा बायकोच्या हातात, आणि चिमटा मेव्हण्याच्या!

कट्! निघाली. पांढरीशुभ्र, धडधाकट, जन्मात कधी कुरकुर न केलेली! फोन ठेवून यानं ती उजेडात धरली. 'अरेच्चा, ही तर चांगली होती! भाऊजी, बोलला का नाहीत?' बोलू? कशानं? कानानं?

घरी आलो तर बायको माझ्यावरच घसरली, 'कुठं गप्प बसावं आणि कुठं तोंड उघडावं, तुम्हाला कळतच नाही!' अगं, तोंड उघडंच होतं!

दुखरी दाढ अजून जागच्या जागी आहे. बुधवारी काढायचीय. हो, त्याच्याचकडे! घरचा डॉक्टर सोडून परक्याकडे गेलो, तर बायको जेवायला वाढेल का? आणि वाढलंच, तरी आता चावू कशानं?