ताऱ्याच्या उजेडातली कार्डं

माझं माहेर पापडी गावचं नि सासरही पापडीचंच, टीचर, म्हणजे मी बाबांच्या केळीच्या वाडीतून उठले नि या घरात येऊन बसले, बसले कसली, बसणं माझ्या अंगातच नाही. नवरा बोटीवर, घरात सासूबाई नि मी, दिवस जाता जात नव्हता, तेव्हा शेतीखात्याच्या वर्गात जाऊन ही कार्डं बनवायला शिकले.

कार्डं म्हणजे काय ते तुमच्या नातवंडांना पत्रात नीट लिहा. कागदाच्या पट्टीवर पतंगाची अंडी चिकटवायची, त्या अंड्यांत चिलटाहूनही बारीक अशी माशी आपली अंडी घालते, मग आतून अळी निघत नाही, माशीच निघते. पट्टी वांग्याच्या पानाखाली टाचली की त्या माश्या शेतातल्या किडीची अंडी शोधत फिरतात, विष मारायला नको. नि काय सांगू तुम्हाला, ती माशी अंड्याच्या आत असते तरी तिला दिवस कळतो, रात्र कळते, फटफटलं की बहुतेक सगळ्या एकदम बाहेर.

यंदा नाताळाआधी सासूबाईंनी ओट्यावर दिव्याचा तारा टांगला. नवरा सुट्टीवर यायचा होता, नि तो पहिल्यांदा बोटीवर गेला तेव्हापासून त्यांची रीतच आहे, तो दारात येईपर्यंत तारा विझवायचा नाही. कार्डांच्या खोलीची खिडकी नेमकी ताऱ्याखाली. रात्रभर उजेड मिळाला नि माश्यांची सकाळच हरवली, कोणी दुपारी निघाली, कोणी संध्याकाळी, पुष्कळशा कार्डांच्या पाकिटातच मेल्या.

चांदीप गावात वांगी लावणाऱ्या बाळूचा फोन आला, वहिनी, पट्ट्यांतून काहीच निघत नाही, गावातले हसतात, बाळ्या वांग्यांना ताईत बांधतो म्हणतात. अजून एकदा बघतो म्हणाला, नाही जमलं तर फवारणी. फवारलं की त्याची बायको डोकं धरून पडून राहते. नि पहिला कार्डं घेणारा तोच, तो सुटला की दुसरं कोण माझ्या दारात येणार?

मी सासूबाईंना म्हटलं, आई, रात्री थोडा वेळ तरी तारा बंद करूया. त्या तांदूळ निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, तुज्या चिलटांना झोप येत नाय म्हनून माज्या पोराने काळोखात यावं काय?

भांडले नाही. नवीन कार्डं डब्यात घातली, रिक्षा पकडली, बाळूच्या पडवीत नेऊन ठेवली. तिकडे अजून रात्र रात्रीसारखी असते. त्याच्या बायकोने मुंग्या लागू नयेत म्हणून डबा पाण्याच्या ताटात ठेवला. माझं मात्र कशात लक्ष लागेना, भात दोनदा करपला, सारखी फोन बघायची. शेवटी एका सकाळी बाळू म्हणाला, वहिनी, निघाल्या, पानावर भुरभुर चाललीय, बायको तर पट्ट्यांना हात लावायला देत नाही.

आता चांदीपची आणखी माणसं कार्डं मागतात, म्हणून कामच तिकडे हलवलं, बाळूच्या पडवीला कूड घालून खोली केली. नवऱ्याची बोट लांबली, तारा अजून जळतोय. रोज सकाळी मी निघाले की सासूबाई ओट्यावरून ऐकवतात, पोरगा गेला तो गेला, आता सूनही बोटीवर लागली.

तुमच्या नातवंडांना देव सुखी ठेवो, टीचर. चहा संपवा तुम्ही सावकाश, मला उठायला हवं, रिक्षावाला थांबत नाही.