भोकाची भिंत

(अकोल्यात, जठारपेठेतल्या एका दातांच्या दवाखान्यामागचं टिनाचं शेड. खरादावर, म्हणजे लेथवर, लाकूड कातणाऱ्या क्लबाचं रविवारचं प्रात्यक्षिक अर्ध्यावर मोडलं आहे. पंजाबराव मागच्या खोलीत आतून कडी लावून बसले आहेत. दाराबाहेर त्यांची थोरली बहीण माणिकबाई आणि दवाखान्याची डॉक्टर गीतांजली.)

माणिकबाई : …अन् मी म्हणतो, कडी काहून लावली? पंजाब! नातवंडं झाली तुले, अन् कोन्यात रुसून बसून राह्यला!

पंजाबराव : रुसलो नाई, बाई. तू जाय. बार्शीटाकळीची गाडी सुटून जाईन तुही.

माणिकबाई : जाऊ दे गाडी. गाड्या लय भेटते. माहं वाडगं दे, मंग जातो.

पंजाबराव : वाडगं कुठी राह्यलं आता? एवढ्या लोकायसमोर बुडाले भोक पाडलं म्या त्याच्या. पार फजिती झाली. सगळे हासले.

माणिकबाई : मी बी हासली.

पंजाबराव : पाह्यलं म्या! तूच सगळ्यात पयले हासली!

गीतांजली : काका, दार उघडा बरं आधी. अहो, भोक कोणाचं पडत नाही? मी दिवसभर लोकांचे दात कोरते, हात बसलेला आहे माझा. तरी त्या भिंतीवर माझीच दोन वाडगी लटकतायत.

माणिकबाई : मी मघापासून पाहून राह्यली ते. मले वाटलं, शोभेसाठी टांगले असन. कायची भिंत हाय ते, डाक्टरीणबाई?

गीतांजली : भोकाची भिंत म्हणतो आम्ही तिला, मावशी. खरादावर ज्याच्या वाडग्याला भोक पडेल, त्याने पुढच्या रविवारी सगळ्यांना कचोरी खाऊ घालायची आणि ते वाडगं नाव घालून इथे टांगायचं. क्लब सुरू झाला तेव्हाच ठरलंय हे. कोणालाही सूट नाही.

माणिकबाई : म्हंजे माह्या वावराच्या धुऱ्यावरची बाभूळ तुमी खिळ्याले टांगसान?

गीतांजली : …हो. म्हणजे, नियम आहे.

पंजाबराव : ऐकलं? म्हणून कडी लावली म्या. कचोऱ्या पाहिजे तेवढ्या खाऊ घालतो. पण ते लाकूड तिथं टांगू देणार नाई. माही बहीण आयुष्यभर त्या बाभळीखाली जेवली. तिचे पोरं तिच्याच सावलीत झोक्यात झोपले. वावधनात, वाऱ्या-पावसात झाड पडलं, तं हिनं सगळी बाभूळ जळतनाले देली, अन् बुडखा तेवढा माह्यासाठी ठेवला. काहून? तं म्हणे, पंजाब, तुह्या हातचं एक तरी भांडं माह्या घरी पाहिजे. हुरड्याले पाहुणे आले की त्यातूनच दाणे देईन. अन् म्या काय केलं? एकच तुकडा होता, डॉक्टर! एकच!

माणिकबाई : अगं माय. असा गळा काढून कायले सांगते सगळ्यायले? कडी काढ.

पंजाबराव : नाई काढत. अन् हे बी सांगून ठेवतो, उद्यापासून मी क्लबात येत नाई. ऑफिसात जिंदगीभर शिक्के मारले, तेच माह्या हाताचं काम. बाबा लहानपणीच सांगून गेले होते, या पोट्ट्याचा हात बहकते.

गीतांजली : काका, हात नाही बहकला तुमचा. मी शेजारीच उभी होते. कड अशी सुरेख आली होती, की मी फोटो काढला. तुम्ही शेवटच्या घडीला मान वळवलीत. छिन्नी वाडग्यात चालू होती आणि बघत होतात तिसऱ्या रांगेत.

पंजाबराव : बाईकडे पाहत होतो.

माणिकबाई : माह्याकडे कायले?

पंजाबराव : तू बाजूच्या माणसाले जोरजोरानं सांगून राह्यली होती ना, 'हा माहा लहान भाऊ हाय, हा माहा लहान भाऊ हाय!' मशीनीच्या आवाजावर ऐकू येत होतं. म्हटलं, पाहू तं खरं, बाईचं तोंड कसं दिसते. तेवढ्यात छिन्नी आरपार!

माणिकबाई : हात्तीच्या! मंग अर्धं भोक माहंच हाय की! काढ कडी. अर्ध्या कचोऱ्या मी देतो.

गीतांजली : उघडलं! या काका, बसा. पाणी घ्या. शर्टावर किती भुसा उडालाय तुमच्या!

माणिकबाई : डोळे पूस पयले. आन इकडं ते वाडगं. पाठीमांगं काहून लपवते?

पंजाबराव : घे. पाह्य. पार बोट जाते त्यातून. शिव्या दे पाहिजे तं.

माणिकबाई : थांब. …पंजाब, हे एकच भोक काहून पाडलं?

पंजाबराव : घ्या! आता टोमणे मारून राह्यली.

माणिकबाई : टोमणा नाई रे बाप्पा. नीट पाह्य. उंडीसारखं गोल, काठ जाड, खाली निमुळतं. बाभळीचं. अन् मधोमध भोक. काय दिसते तुले?

पंजाबराव : बेइज्जती दिसते.

माणिकबाई : चाडं दिसते, येड्या! चाडं! एक इकडून पाड, एक तिकडून पाड. झालं तिफणीचं चाडं!

पंजाबराव : …अरे बापरे. बाई! हो ना!

गीतांजली : थांबा थांबा, मला कळू द्या. मी नाशिकची, त्यात शहरात वाढलेली. चाडं म्हणजे?

पंजाबराव : तिफणीनं पेरतात ना, डॉक्टर, त्या तिफणीवर मधात एक लाकडी वाडगं बसवतात. त्याच्या बुडाले तीन भोकं. भोकाखाली बांबूच्या नळ्या. बाईमाणूस सोबत चालत मुठीतून दाणे सोडते वाडग्यात, ते तिन्ही नळ्यातून सारखे जमिनीत पडतात. त्यालेच चाडं म्हणतात.

माणिकबाई : आमचं चाडं वाळवीनं खाल्लं. तिफण गोठ्यात तशीच पडून हाय. बाकी वावर ट्रॅक्टरनं पेरतो, पण नाल्याकाठच्या पट्टीत ट्रॅक्टर वळत नाई. चाडं नाई म्हणून ते पट्टी पडीत पडली. दर मिरगाच्या पेरणीले तिच्याकडं पाह्यलं की मले कसंतरी होते. डाक्टरीणबाई, तुमच्याजवळ भोक पाडाचं यंत्र असन ना?

गीतांजली : माझं पोटच त्याच्यावर चालतं, मावशी! पण दाताचं नको, इथे मोठं ड्रिल आहे. कुठे पाडायची, खूण करा. पाडतील मात्र काकाच.

पंजाबराव : मी? आता? एवढ्या फजितीवर?

माणिकबाई : हो, तूच. या बारीले मी समोरच उभी राहतो, म्हंजे मान वळवाचं काम नाई.

गीतांजली : हळू… सरळ धरा… सुरेख! आता डावीकडचं… झालं! मावशी, बघा बरं.

माणिकबाई : दाणे हाय का इथं? कोणते बी.

गीतांजली : पाखरांसाठी ज्वारी ठेवते मी खिडकीत. ही घ्या. …अहो ऐका! बाहेर पोहे खाताय ते सगळे, आत या! प्रात्यक्षिक संपलेलं नाही!

माणिकबाई : हे पाहा. मूठ अशी. पुरी उघडाची नाई. आंगठा सैल, बोटायनं लोटाचं. पाह्यलं? तिन्हीकडून सारखी पडून राह्यली.

गीतांजली : अगदी समान! काका, टाळ्या तुमच्यासाठी आहेत, इकडेतिकडे काय बघताय? आणि भिंतीचं म्हणाल तर नियम एका भोकाचा आहे. तीन भोकांबद्दल काहीच ठरलेलं नाही. वाडगं मावशी घेऊन जातील.

पंजाबराव : अन् कचोरी?

गीतांजली : कचोरी सुटणार नाही.

माणिकबाई : अर्ध्या माह्या, सांगतलं ना. पंजाब, मिरगाले ये मंग. शालिकरामची बैलजोडी मांगतो मी. पट्टी पेरू.

पंजाबराव : येतो. लहानपणी तुह्या मांगं मांगं चालाचो ना, तसाच चालीन. जिथं तुहा दाणा सुटला, तिथं टाकीन.

माणिकबाई : मांगं कायले? चाडं तुनं केलं. या साली मूठ तुनं धराची.

पंजाबराव : मी? बाबानं कधी चाड्याजवळ येऊ देलं नाई मले. माहा हात बहकला तं? दाणे सुटले तं?

माणिकबाई : सुटू दे ना. मांगं मी हाये.