पाहुणे टायर

मंडळी, ऐका! आज कीर्तनाच्या आरंभालाच एक प्रश्न टाकते. उत्तराची घाई करू नका — घाईचं उत्तर कच्च्या भाकरीसारखं असतं, नंतर पोटात दुखतं!

आपल्या लेकराला जपणं हे पुण्य. बरोबर? हं, माना हलल्या. बायकांच्या आधी हलल्या! मग मला सांगा — आपल्या लेकराला जपताना जे शहाणपण सुचतं, ते दुसऱ्याच्या लेकराच्या वेळी कुठं जातं? गावाला जातं?

हसलात. हसून घ्या. कथा फार वेळ हसू देणारी नाही.

आपल्या या डोंगरपट्ट्यात चाफेवाडीचा फाटा नावाचं ठिकाण. घाटाच्या तोंडाशी एक चिंच, चिंचेखाली वडापच्या अकरा जीपा. वडाप म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, निम्मे तुम्ही त्यातूनच आलात — एकाच्या मांडीवर एक! त्या अकरा ड्रायव्हरांचा पुढारी होता निवृत्ती खबाले. बत्तीस वर्षांचा, गोरापान, बोलण्यात पटाईत. त्यानं म्हणावं आणि फाट्यानं ऐकावं!

एक दिवस सरकारचा नियम आला. यापुढं गाडीला टायर हवेत ते शिक्क्याचे. रस्त्यावर कमी घासणारे, म्हणजे डिझेल कमी जळेल. ओल्या रस्त्यावर पकड धरणारे, म्हणजे गाडी घसरणार नाही. शिक्का नसेल तर पासिंग नाही — म्हणजे वर्षाच्या तपासणीत गाडी नापास!

झालं! चिंचेखाली हा गोंधळ!

जालिंदर म्हणाला, "आयला, टायर डिझेल पितो व्हय? मला वाटलं इंजिन पितंय!"

दुसरा म्हणाला, "उद्या चपलांवर शिक्का मारतील. चालताना भाकरी कमी लागली पायजे म्हणून!"

हिंदुराव अण्णा त्यांच्यातले वडीलधारे. पंचवीस वर्षं घाट चढ-उतार केलेला माणूस. ते तंबाखू मळत एवढंच म्हणाले, "नियम वाईट न्हाई रं पोरांनो. माझ्या टायरांवर आता नक्षीच राहिली न्हाई. हात फिरवला तर टक्कल लागतंय."

तेव्हा निवृत्ती उठला. बॉनेटवर हात आपटून म्हणाला, "अण्णा, चाक गोल हाय, फिरतंय, झालं! शिक्का रस्त्याला दिसत न्हाई, साहेबाला दिसतो. मग आपण साहेबापुरता आणू की!"

टाळ्या पडल्या, मंडळी. कडकडून!

आणि तोड काय काढली? अकरा जणांनी मिळून शिक्क्याच्या टायरांचा एक जोड आणला — चारच टायर. ते ठेवले शब्बीरभाईंच्या पंक्चरच्या दुकानात, पोतं पांघरून. ज्याचं पासिंग, त्यानं ते चार चढवायचे, तपासणीला जायचं, पास व्हायचं, संध्याकाळी उतरवून द्यायचे. मग पुन्हा आपले टकले टायर आणि तोच घाट! त्या टायरांना नाव पडलं — पाहुणे. "पाहुणे कुणाकडं हायेत आज?" "जालिंदराकडं जेवायला गेलेत!"

नावं ठेवू नका हं त्यांना. आपल्या घरातले चांगले कप कुणासाठी असतात? घरच्यांना कान तुटलेला, आणि येणाऱ्याला नक्षीचा! पण कप फुटला तर चहा सांडतो. टायर फुटला तर काय सांडतं?

असो. पुढं ऐका.

सोमवारी निवृत्तीचं पासिंग होतं. पाहुणे चढले, गाडी पास झाली. परतताना घाटात त्यानं गाडी सोडली आणि — अहाहा! कशी चालली म्हणता? लोण्यावरनं! स्टिअरिंग हातात हलकं, वळणावर चाक जमिनीला चिकटून. ज्याच्याविरुद्ध बॉनेट बडवलं होतं, ते त्याच्या तळहातांना कळलं होतं. तोंडाला मात्र कळू दिलं नाही त्यानं.

संध्याकाळी हिंदुराव अण्णा आले. "निवृत्ती, पाहुणे सोड बाबा. उद्या अकरा वाजता माझी पासिंगची तारीख हाय."

निवृत्तीला ते सोडायचे नव्हते. कारण सांगू? दुसऱ्याच दिवशी सकाळी त्याला घाटापलीकडून बायको आणायची होती, माहेराहून. सुनंदा तिचं नाव. आणि तिच्या कुशीत सव्वा महिन्याची लेक! लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर झालेली. आयाबायांनो, तुम्हाला ठाऊक आहे सव्वा महिन्याचं लेकरू म्हणजे काय असतं. मान धरत नाही अजून. टाळू लुकलुकते. शिंकलं तरी आईचं काळीज दाराबाहेर जाऊन येतं!

निवृत्ती म्हणाला, "अण्णा, शब्बीरभाई आज लग्नाला गेल्यात. दुकान बंद, टायर उतरवणार कोण? उद्या दुपारी देतो."

खोटं! शब्बीरभाई दुकानातच होते, हवेच्या यंत्राजवळ बसून चहा पीत!

अण्णांनी विश्वास ठेवला. सरळ माणूस. म्हणाले, "मग माझी तारीख बुडाली की रं. असू दे. लेकीला आण सुखरूप. मी आपली सकाळची एक खेप मारतो." गेले.

मंडळी, त्या क्षणी निवृत्तीला बोलता आलं असतं. "अण्णा, खेप मारू नका, तुमचे टायर घाटाचे राहिले नाहीत" — एवढं एक वाक्य! पण ते बोलायचं तर मागचं सगळं गिळायला हवं. टाळ्यांसकट! नाही बोलला.

मंगळवारी सकाळी तो सुनंदाला घेऊन निघाला. घाटातल्या चौथ्या वळणावर पाणीयोजनेचा पाइप फुटलेला, रस्ताभर पाणी. सुनंदा म्हणाली, "अवो, जपून!" त्यानं ब्रेकवर पाय ठेवला. गाडी जराशी थरथरली आणि चाकांनी रस्ता धरला. धरला, मंडळी! वळण पार.

घरी पोचले. निवृत्तीच्या म्हाताऱ्या आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. आणि अर्ध्या तासात जालिंदर धावत आला. चप्पल नाही पायात.

"निवृत्ती... अण्णांची गाडी... चौथं वळण..."

नऊ माणसं होती गाडीत. अण्णांचा खांदा गेला. बाकीच्यांची हाडं मोडली, पण जगले. एक जगलं नाही. खालच्या आळीतल्या शोभा सुतारची मुलगी, दहा महिन्यांची. आई तिला डोस द्यायला घेऊन चालली होती. आईच्या हातातून सुटलं लेकरू. हातातून!

...थांबते जरा. मृदंगबुवा, राहू द्या. आत्ता वाजवू नका.

फाट्यावर सगळ्यांनी ठरवलं — सांगायचं, ब्रेक फेल. अण्णा दवाखान्यात भिंतीकडं तोंड करून पडलेले. आणि निवृत्तीला समजावायला दहा जण. "अरे, तू पाहुणे दिले असतेस तरी पासिंग झाल्यावर अण्णांची गाडी टकल्यांवरच धावली असती. तुझा काय दोष?"

निवृत्ती म्हणाला, "एका दिवसासाठी न्हाई रं रडत मी. मला ठावं होतं, म्हणून रडतोय. ठावं नसतं तर पाहुणे कशाला राखून ठिवले असते?"

पंधरा दिवसांनी तो शोभाच्या दारात गेला. एकटा. ती उंबऱ्यावर बसलेली, पदर ओला. दूध येतच होतं ना, मंडळी. दुधाला कोण सांगणार, प्यायला कोणी नाही म्हणून?

तो उभ्यानंच बोलला. "वैनी, ब्रेक फेल न्हवता. अण्णांचे टायर टकले झालते. आनि चांगले टायर माझ्याकडं होते. माझ्या लेकीसाठी दाबून ठिवले मी. खोटं बोलून."

तिनं शिवी दिली नाही. दगड उचलला नाही. मग विचारलं —

"झोपली व्हती का वो तुमची, गाडीत?"

निवृत्ती म्हणाला, "झोपली व्हती, वैनी."

"बरं झालं," शोभा म्हणाली. आणि आत जाऊन तिनं दार लोटून घेतलं.

मंडळी, निवृत्तीनं चौकीत जाऊन खरं ते लिहून दिलं. पुढं अकरा गाड्यांचं काय झालं, नियम राहिला का गेला, ते मला विचारू नका. मी तुम्हाला विचारते.

निवृत्ती दुष्ट होता का? नव्हता. लेकीचा बाप होता. चांगल्या टायराचं मोल त्या फाट्यावर त्याच्याइतकं कुणालाच कळलं नव्हतं. आणि म्हणूनच, माझ्या माऊलींनो, त्याच्याइतका अपराधी कुणी नाही! अज्ञानाला देव हात जोडायला लावून सोडून देईल. पण जाणून गप्प बसलेल्याला तो कुठल्या दारानं आत घेणार?

साहेबासाठी आपण काय काय चांगलं दाखवतो! तपासणीच्या दिवशी शाळेची खिचडी दाट. मंत्री येणार त्या दिवशी दवाखान्याच्या चादरी पांढऱ्या. आणि उद्या? उद्या कुणाचं लेकरू त्या चादरीवर?

आता इथून उठाल. देवळाबाहेर गाड्या उभ्या आहेत, तुमच्याच आहेत. बसायच्या आधी खाली वाका. देवापुढं वाकता तसंच. चाकावर हात फिरवा. आणि हाताला टक्कल लागलं, तर तोंड उघडा. कुणाची टाळी जाईल, जाऊ द्या! कुणाची खेप बुडेल, बुडू द्या!

पांडुरंगा, आम्हाला फार शहाणं करू नकोस. जेवढं कळलंय, तेवढं बोलण्याची लाज मात्र घालव!

बोला, विठ्ठल! विठ्ठल!