अण्णांच्या बंदुकीचा खिळा

बंदुकीचं काय विचारता, आमच्या वडलांना, अण्णांना, लई हौस. पाचोडच्या घरी बैठकीत त्यांनी आधी बंदूक टांगायला खिळा ठोकला, मग संभाजीनगरला जाऊन लायसनचा अर्ज केला. फी भरली, डॉक्टरचा दाखला जोडला, कारण लिहिलं 'जिवाला धोका'.

चौकशीला जमादार आला. "अण्णा, दुश्मन कोण तुमचा?"

अण्णा भडकलेच. "माझा दुश्मन? गावात एक दाखवा!"

जमादारानं गावात विचारलं, तर लोक त्याच्यावरच उखडले. "अण्णांच्या वाईटावर कोण हाय? नाव सांगा, आम्ही बघतो!"

पुढं पत्र आलं: 'अर्जदाराच्या जीवितास कोणापासूनही धोका नसल्याने अर्ज नामंजूर.'

अण्णांनी पत्राला फ्रेम केली आन् त्याच खिळ्याला टांगली. पाव्हणा आला की म्हणतात, "वाचा. सरकारनं लिहून दिलंय."