गोळ्याशिवाय गाडी सुटत नाय

माझा जन्म गव्हाणचा, आमी आगरी, आजा मिठागरावर राबायचा आणि आमच्या घरातून रेल्वेत लागलेला पयला माणूस म्हंजे माझे बाबा, पनवेल स्टेशनात सांधेवाले होते. सांधेवाला म्हंजे गाडी ज्या रुळावर घ्यायची तिकडं रूळ वळवणारा, झेंडी दाखवणारा आणि ड्रायव्हरला गोळा देणारा. गोळा काय ते आधी सांगते, लिहून घ्या, सगळं त्याच्यावरच अडून बसलंय.

तेवा इकडं एकच रूळ, समोरून दुसरी आली तर टक्कर. म्हणून पलीकडच्या तळोजा स्टेशनातल्या मास्तरानं घंटी देऊन लाइन मोकळी हाय असं कळवलं की मगच आमच्या मास्तराच्या मशीनमधून लोखंडी गोळा सुटायचा, बाबा तो कड्याच्या पिशवीत घालून इंजिनात द्यायचे, तो हातात आला तर गाडी निघणार, नायतर आत कोणी का बसलेला असेना. एकदा म्हणे एक पुढारी खाली उतरून ओरडला, मला वळखत नाय का, तर बाबा बोलले, मी वळखतो साहेब, पण गोळा वळखत नाय.

मी पळस्प्याजवळ एका कंटेनर यार्डात माल मोजून घेते. आलं काय, गेलं काय, फुटलं काय. यादीबिगर मी भाजीला पण जात नाय, नवरा म्हणतो हिच्या यादीत माझं नाव रोज एक ओळ खाली सरकतंय.

तर काय सांगू तुमाला, बाबा रिटायर झाले, स्टेशन वाढत गेलं, बाबा जिथून रूळ वळवायचे ती जुनी केबिन पाडली, आणि एक दिवस मी त्यांना घेऊन तिथं गेले तर त्यांना स्वतःची केबिन कुठं होती ते दाखवता येईना. या खांबापाशी, नाय, त्या जिन्यापाशी, असं करत फलाटावर फिरत राहिले, लोक धक्के मारून जात होते. घरी आल्या आल्या मी वही काढली. काय कुठं होतं ते एकेक विचारायचं आणि तसंच्या तसं छोटं करायचं. खांदा कॉलनीतल्या आमच्या बाहेरच्या खोलीत प्लायवूडच्या फळ्या टाकल्या, छोटे रूळ आणि इंजिन विकत आणलं, केबिन पुठ्ठ्याची, बांधकामावरची बारीक खडी चहाच्या गाळणीनं चाळून रुळाखाली पसरली, झाडं काथ्याची. नवरा बोलला, पावणे आले की त्यांना फलाटावर बसवायचं का? पण रविवारी शेजारपाजारची माणसं पोरांना घेऊन यायला लागली, बाबा काठीनं दाखवायचे, आणि मोठी मोठी माणसं बोलायची, आमी रोज तिथं उभं राहतो आणि आमाला काय पण माहीत नाय. फोटोत केबिन दिसते हो, केबिनीतलं काम नाय दिसत. फळीवर गाडी चालवायची तर विचारावंच लागतं, हा सांधा आधी का तो.

फळीवर पण नियम तोच ठेवला. सायकलीतला छर्रा, तो आमचा गोळा, वाटीत टाकला की वायर जुळते नि गाडी चालते. तो बाबांच्या हातात. त्याबिगर गाडी नाय.

आता माझी चूक सांगते. रूळ वळवायचे लिवर किती, कुठला रंग, पाण्याचं पिंप कुठं, बाकडं कुठल्या भिंतीला, सगळं लिहून घेतलं. बाबा मधीच मला बोलायचे, ए दमे, घंटी कशी वाजायची ते विचार की. मी बोलायची, ते सोपं हाय, शेवटी घेऊ. वहीच्या शेवटच्या पानावर नुसतं लिवलंय, तळोज्याची घंटी. पुढं कोरं. आणि बाबांचं विसरणं सुरू झालं.

आता रोज चार वाजता मी खुर्ची लावते, ते छर्रा मुठीत धरून बसतात, गाडी स्टेशनात उभी, आता तळोज्याची घंटी ऐकल्याबिगर ते छर्रा सोडत नाय. मी घंटी वाजवते. दोन, तीन, एक थांबून दोन. ते मान हलवतात. एका म्हाताऱ्या मास्तरांकडून नियमाची घंटी लिहून आणली, तशी वाजवली, तर बाबा बोलले, हा तळोजा नाय. मास्तरांना सांगितलं तर ते हसले, अहो ताई, प्रत्येकाचा हात वेगळा असायचा, घंटीच्या शेवटी कोण काय जोडायचा ते त्या दोन स्टेशनांनाच माहीत. तो तळोज्याचा माणूस कधीच वारला. वाजवून बघितलेल्या घंट्यांची यादी दुसऱ्या पानावर गेलीय.

दुसरा छर्रा हाय माझ्याकडं, नाय असं नाय. एकदा टाकून बघितला. गाडी हलली आणि बाबा खुर्चीतून उठले, दोन्ही हात वर करून, समोरून गाडी हाय, समोरून गाडी हाय. परत नाय केलं.

काल मी सरळच विचारलं, बाबा, तळोजा घंटी कसा द्यायचा हो? त्यांनी माझ्याकडं बघितलं, स्टेशनात पाशिंजराकडं बघावं तसं, अगदी अदबीनं, आणि बोलले, बाई, अजून लाइन मिळाली नाय, बाकड्यावर बसून घ्या.

मी बसले. काय करणार. चार वाजलेच बघा, तुमची वही मिटा आता आणि तुमी पण बसा. गाडीला येळ हाय.